घड्याळं जुळली तो दिवस

आमच्या मांडवीच्या घरात तीन घड्याळं होती आणि तिन्ही वेगवेगळी वेळ दाखवायची. नवखा माणूस ओटीवर टेकला की आधी भिंतीकडे बघायचा, मग मनगटाकडे, आणि मग आमच्याकडे अशा नजरेनं बघायचा की या घरातल्या बायकांना चाराचे पाच कळत नाहीत. कळायचे, चांगले कळायचे. दर्शनी भिंतीवरचं घड्याळ घरचं. माजघराच्या दारावरचं काकांचं. काका बहारीनला एका वर्कशॉपात फिटर होते, म्हणून ते अडीच तास मागे असायचं. त्याच्या शेजारचं दादाचं. दादा बोटीवर. बोट जाईल तशी त्याची वेळ सरकायची आणि तशी ती भिंतीवर सरकवायचं काम माझं. काकी, म्हणजे बहारीनच्या काकांची बायको, सकाळी चहा गाळताना एकदा मान वर करायची आणि म्हणायची, "तुझे काका अजून घोरत असतील गो." एवढ्यावर तिचा दिवस सुरू व्हायचा. शेजारच्या हलीमाचाचींचे दोन मुलगे आखातात होते. त्या कुंपणावरून विचारायच्या, "सुलू, आमच्या पोरांकडे किती वाजले?" मी काकांच्या घड्याळात बघून सांगायची. चाचींच्या घरात सोन्याच्या पट्ट्याची दोन घड्याळं कपाटात पडून होती, पण त्यांचा विश्वास आमच्या भिंतीवर.

तिन्ही टोल्यांची घड्याळं. घरच्यात चार पडले की काकांच्यात अर्ध्याचा एकच टोला पडायचा आणि दादाच्यात काय पडेल ते बोटीवर अवलंबून. घरच्या घड्याळाचा आवाज जाड आणि सावकाश, काकांच्याचा पत्र्यासारखा, दादाच्याचा खोल, आणि शेवटच्या टोल्यानंतर आत काहीतरी बराच वेळ गुणगुणत राहायचं. आम्ही टोले मोजत नसू. कुणाचा आवाज आहे तेवढं कळलं की पुरे. समुद्राची गाज जशी ऐकू येते आणि येत नाही, तसंच हे. माझी कॉलेजातली एक मैत्रीण एकदा राहायला आली होती, ती सकाळी डोळे चोळत म्हणाली, "तुमच्याकडे रात्रभर कुणीतरी भांडत होतं." मला हसू आलं. काकी मात्र हसली नाही. ती म्हणाली, "भांडताहेत तवर चांगलं."

त्यामागे एक गोष्ट होती आणि ती आमच्या घरात कुणी सरळ सांगत नसे. दादाचं घड्याळ मुळात बाबांचं. बाबाही बोटीवर. मी पहिलीत असताना ते बोटीवरून नाहीसे झाले. आजारी नव्हते, वादळ नव्हतं. सकाळी हजेरीला नव्हते, एवढंच कळलं. तार आली ती पंधरा दिवसांनी. काकीचं म्हणणं असं की ज्या दिवशी ते गेले, त्या दिवशी दुपारी ती तांदूळ निवडत बसली होती आणि बाराचे टोले एकदम पडले. घरच्या घड्याळाचे आणि बाबांच्या घड्याळाचे, एकावर एक. तिनं वर बघितलं तर दोन्हीकडे बारा. बाबांच्या घड्याळाला कुणी हात लावला नव्हता. तेव्हापासून आमच्या घरात नियम झाला की बाहेरच्या माणसाचं घड्याळ घराशी जुळू द्यायचं नाही. माणूस पायरी चढून आत आला की मगच लावायचं. त्याच्या आधी जुळलं, तर तो दुसऱ्याच वाटेनं घरी आला. चावी विसरलेलं घड्याळ मागे पडत पडत केव्हातरी घरच्या वेळेशी जुळणारच, हे मी आज सांगू शकते. चाळीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला, मला असल्या गोष्टी फळ्यावर काढून दाखवायची सवय आहे. पण काकीच्या तोंडून ते ऐकताना हातातलं काम थांबायचं. आईनं त्या विषयावर कधी शब्द काढला नाही. तिनं फक्त मासे सोडले. बाबा समुद्रात राहिले, तेव्हा समुद्रातलं मी काही खाणार नाही, म्हणाली. मांडवीसारख्या ठिकाणी राहून, दारावर रोज माशांची पाटी येत असताना, दहा-अकरा वर्षं तिनं माशाला बोट लावलं नव्हतं. आम्हाला करून घालायची काकी.

असं असून दादा बोटीवर गेला. दुसरं काय करणार होता? आमच्या आळीतले निम्मे पुरुष बोटीवर आणि उरलेले मुंबईत. आई त्याला अडवू शकली नाही, पण निघायच्या आदल्या दिवशी त्यानं बाबांचं घड्याळ माळ्यावरून काढून पुसायला घेतलं तेव्हा तिनं ते हातातून ओढून घेतलं. दादा म्हणाला, "चांगलं घड्याळ हाय गो आई. त्याचा काय दोष?" आणि ते परत घेऊन माजघराच्या दारावर टांगलं. दादा असाच होता, मोठ्या आवाजाचा, खाण्यापिण्यात रमणारा. सोलकढी वाटीनं ओढताना त्याचा आवाज ओटीपर्यंत यायचा. बांगडा खाल्ला की काटे ताटाच्या कडेला एकाशेजारी एक मांडून ठेवायचा, आखल्यासारखे. आई वरवर रागवायची, "कुणाला दाखवायला मांडतोस?" आणि हसायची. बाबा गेल्यावर तिला हसवणं फक्त त्यालाच जमायचं. मला नाही जमलं कधी. ते माझ्या मनात होतं, खोटं कशाला बोलू.

दादा पत्रात वेळेचं लिहायचा. बोट पश्चिमेला निघाली की रोज रात्री बोटीवरची घड्याळं अर्धा तास मागे घेतात. टोल्याच्या घड्याळाचे काटे मागे फिरवायचे नसतात, टोले चुकतात. म्हणून मी लंबक धरायची. संध्याकाळी सात वाजता, देवापाशी दिवा लावून झाला की दादाच्या घड्याळाचं दार उघडायचं, लंबक बोटांनी थोपवायचा, आणि घरच्या घड्याळात साडेसात झाले की पुन्हा झोका द्यायचा. तेवढा अर्धा तास ते घड्याळ गप्प. मी त्याच्यासमोर पाटावर अभ्यासाचं पुस्तक घेऊन बसायची, पण वाचन व्हायचं नाही. या अर्ध्या तासात दादा कुठे असतो, असं काहीतरी डोक्यात यायचं. कुठल्याच वेळेत नसलेला माणूस कुठे असेल? आई त्या वेळात माजघरात यायची नाही.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हाची ही गोष्ट. दादाचं पत्र आलं की अमक्या दिवशी आम्ही पनामाच्या कालव्यातून बाहेर पडू आणि तिथून थेट जपान, रोज अर्धा तास मागे, वीस दिवस. मी वहीत तक्ता केला. मला तक्ते करायला आवडायचं. कालव्यापाशी दादा आमच्यापेक्षा साडेदहा तास मागे, म्हणजे इथं संध्याकाळचे सात तेव्हा तिथं सकाळचे साडेआठ. पहिल्या संध्याकाळी मागे घेतलं की आठ, दुसऱ्या संध्याकाळी साडेसात. आणि तिसऱ्या संध्याकाळी सात. इथं सात, तिथं सात. बारा तासांचा नेमका फरक, आणि घड्याळात तर बाराच आकडे. मी पेन्सिल खाली ठेवली आणि काकीला जाऊन सांगितलं. का सांगितलं, तर मला शहाणपण मिरवायचं होतं.

काकी कोकमं वाळत घालत होती. तिचे हात थांबले. "त्या दिवशी लंबक पुरा तासभर धर," ती म्हणाली. "साताच्या पलीकडे जाऊ दे."

"मग दादाची वेळ चुकेल."

"चुकू दे."

"अगो काकी, ते जुळत नाहीच. तिथं सकाळचे सात, इथं संध्याकाळचे. तो आपल्यापासून इतका लांब कधीच नसेल. पृथ्वीच्या पार पलीकडे."

"घड्याळाला सकाळ नि संध्याकाळ काय कळते?" काकी म्हणाली. तिला शाळेचं वारं लागलं नव्हतं. ती पुन्हा कोकमं पसरायला लागली.

रात्री जेवताना तिनं आईच्या कानावर घातलं. आई भात कालवत होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "सुले, त्या दिवशी हात लावू नको घड्याळाला. तो एकच हाय माझ्याकडे." मी हो म्हटलं नाही आणि नाही म्हटलं नाही. मला राग आला होता. एक तर 'एकच' या शब्दाचा, कारण समोर मी बसले होते. आणि दुसरं म्हणजे मला वाटत होतं, एकदा घड्याळं जुळवून दाखवावी, काही होत नाही हे त्यांना दिसावं, म्हणजे बाबांचंही घड्याळामुळे झालं नाही हे दिसेल आणि या घरातली ही भीती संपेल. एवढा मोठा विचार करून मी तिसऱ्या संध्याकाळी लंबक धरला. दादाच्या घड्याळात साडेसात, घरच्यात सात. अर्धा तास मी तशीच बसून राहिले. घरच्या घड्याळात अर्ध्याचा टोला पडला आणि मी लंबक सोडला. काही झालं नाही. आठ वाजता मात्र दोन्ही घड्याळं एकदम वाजली. घरच्याचा जाड टोला, आणि त्याच्या आतच दादाच्याचा खोल टोला, जणू एकच घड्याळ, पण आजवर न ऐकलेलं. आठवा टोला पडून गेल्यावर ती गुणगुण राहिली. स्वयंपाकघरात काकीच्या हातून पळी पडल्याचं ऐकू आलं. आईनं मला हाक मारली नाही. तिनं बोलायला हवं होतं असं मला वाटलं.

सकाळी काकी पिशवी भरून माहेरी निघून गेली. मिऱ्याला माहेर तिचं, हाकेच्या अंतरावर. "मी आज या घरात थांबायची नाय," एवढंच म्हणाली. मी कॉलेजात गेले आणि दीडला परत आले तर घरात तिखल्याचा वास. मी पायरीवरच थबकले. काकी घरात नव्हती, मग मासे कुणी केले? आत गेले तर आई चुलीपाशी. सकाळी पाटीवाली आली तेव्हा तिनं स्वतः चार बांगडे घेतले, चिरले, धुतले आणि त्रिफळं घालून त्यांचं तिखलं केलं होतं. दहा-अकरा वर्षांनी तिच्या हाताला मासा लागला होता. केस धुऊन मोकळे सोडले होते. दादाचं पितळी ताट चिंचेनं घासून पाटासमोर ठेवलं होतं. मला म्हणाली, "तू मागाहून जेव. बाहेर बस." इतकी शांतपणे म्हणाली की मला काही विचारायचं सुचलं नाही. तिनं स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

मांडवीची दुपार ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. दोन वाजता आळीत चिटपाखरू नसतं. माणसं जेवून लवंडलेली असतात, माडाच्या झावळ्यासुद्धा हलत नाहीत. मी ओटीवर चटईवर पडले होते. दोनचे टोले पडले, दोन्हीकडे एकदम, आणि त्या गुणगुणीतच मला मागच्या अंगणातून रहाटाची करकर ऐकू आली. कुणीतरी पाणी काढत होतं. कळशी कठड्यावर टेकल्याचा आवाज, मग धुण्याच्या दगडावर पाणी ओतल्याचा, मग ओल्या पायांचा. पाय दगडावर घासून धुतल्याचा. मला वाटलं, आई असेल. तेवढ्यात आईचा आवाज आला, आतून, स्वयंपाकघरातून. "ये. किती वाळलास. बस."

मी उठले. माजघरापर्यंत गेले. स्वयंपाकघराचं दार लोटलेलंच होतं, कडी लावलेली नव्हती, बोटानं ढकललं असतं तर उघडलं असतं. आतून पाट सरकल्याचा आवाज आला. आई हळू आवाजात बोलत होती, मधे थांबत होती, पुन्हा बोलत होती. उत्तर काही ऐकू येत नव्हतं. मग सोलकढी ओढल्याचा तो आवाज. तो मी शंभर माणसांत ओळखला असता. मग आई हसली. खुदकन नव्हे, चांगली मोठ्यानं, पदर तोंडाला लावायचं विसरून. मी दारावर हात ठेवला होता. तळहाताखाली लाकूड गार होतं. मला दार ढकलता आलं नाही. मला भीती वाटत होती. आणि नुसती भीती नव्हती. आत जे काही चाललं होतं त्यात मला बोलावलेलं नव्हतं.

किती वेळ गेला कोण जाणे. मागचं दार वाजलं. थोड्या वेळानं आई ताट घेऊन बाहेर आली. ताटात भाताचं शीत नव्हतं. कडेला काटे होते, एकाशेजारी एक मांडलेले. "गेला," आई म्हणाली. "कामावर जायचं होतं त्याला." मग मला कुळथाची पिठी आणि भात वाढला. पातेल्यात तिखलं शिल्लक नव्हतं. मागच्या अंगणात मी जाऊन बघितलं तर धुण्याचा दगड ओला होता, पण तो कधी ओला नसायचा? आईनंच पाणी काढलं असेल, आईनंच जेवण केलं असेल, दुःखात माणूस काय वाटेल ते करतो, हे सगळं मी स्वतःला सांगून बघितलं आहे. पण तिचा आवाज आतून येत असताना रहाट बाहेर करकरत होता. याच्यापुढे मला जाता येत नाही. संध्याकाळी सातला मी लंबक धरला आणि साडेसातला सोडला. दादाचं घड्याळ पुन्हा निराळं झालं आणि घर पहिल्यासारखं वाजायला लागलं.

काकी दोन दिवसांनी आली आणि तिनं ताट, काटे, सगळं ऐकलं. त्यानंतर आम्ही दोघी तारेची वाट बघायला लागलो. सायकलची घंटा वाजली की मी ओटीवर धावायची. मी दादाला मारलं, असं माझ्या मनानं घेतलं होतं. आई मात्र निवांत होती. तिचा चेहरा उजळला होता. महिन्याभरानं जपानचा शिक्का असलेलं पत्र आलं. दादाचंच अक्षर, त्या दिवसानंतर दोन आठवड्यांनी लिहिलेलं. बोटीवर सगळं ठीक, खोकला झाला होता तो गेला, आईसाठी शाल घेतली आहे. मी रडत रडत मोठ्यानं वाचलं. काकीनं देवापुढे साखर ठेवली. मी धावत आईकडे गेले, "आई, दादा बरा हाय! बघ, काही झालं नाही!" आई चूल फुंकत होती. ती म्हणाली, "बरं." दारावर आलेल्या माणसानं त्याच्या घरची खुशाली सांगावी आणि आपण बरं म्हणावं, तसं.

दादा आठ महिन्यांनी आला. पहाटेच्या एसटीनं उतरून, खांद्यावर मोठी बॅग घेऊन, आळीच्या तोंडापासूनच हाका मारत. मी त्याला बिलगले, काकीनं त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. आई ओटीवर आली. तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. मग आत जाऊन गूळ आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली, त्याच्यासमोर ठेवला आणि विचारलं, "प्रवासात जागा मिळाली ना बसायला?" दादा हसला. त्याला वाटलं, आई रुसली आहे, पत्रं कमी लिहिली म्हणून. त्यानं तिच्या खांद्यावर शाल टाकली. तिनं ती काढून नीट घडी घातली आणि म्हणाली, "कशाला एवढा खर्च केलास?"

दुपारी दादाला स्टीलच्या ताटात वाढलं. त्यानं विचारलं, "माझं ताट कुठं गेलं?" आई म्हणाली, "ते हाय त्याचं." दादानं माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. बरं, आईला भ्रम झाला होता म्हणावं तर तसंही नव्हतं. बाकी सगळ्यात ती शहाणी. दादाला नावानं हाक मारायची, त्याचे कपडे धुवायची, त्याला ताप आला तर रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवायची. फार चांगली वागायची त्याच्याशी, आणि तेच वाईट होतं. काटे ओळीनं मांडले तरी ती रागवायची नाही. तो वाट बघायचा, मुद्दाम मांडायचा, दोनदा, तीनदा. ती ताट उचलून न्यायची.

एक दिवस तो बाजारात गेलेला पाहून मी आईला सगळं सांगून टाकलं. तू नको म्हणाली होतीस तरी घड्याळ मी जुळवलं, माझ्या हट्टापायी. जुळलं म्हणजे काही नाही, बारा तासांचं गणित आहे, कुणी आलं नव्हतं, हा आपला दादा आहे, त्याला असं परकं करू नको. आईनं सगळं ऐकून घेतलं. माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "सुले, हा पोर चांगला हाय," ती म्हणाली. "माझं काय वाकडं नाय त्याच्याशी. पण माझा येऊन गेला. जेवून गेला." मी म्हटलं, "तो दादा नव्हता." तिनं विचारलं, "तू ऐकलास ना?" मी बोलले नाही. मला खोटं बोलायला हवं होतं. नाही ऐकलं, एवढे दोन शब्द. बाकी आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोलले, वेळप्रसंगी मुख्याध्यापकांच्या तोंडावर बोलले, पण जिथं उपयोग झाला असता तिथं जीभ उचलली नाही. मागे वळले तर दादा ओटीवर उभा होता. किती ऐकलं त्यानं, मी विचारलं नाही. रजा संपायला महिना होता, पण त्यानं मुंबईला जाऊन दुसरी बोट धरली. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "आता माझं घड्याळ लावीत बसू नको." मी ते उतरवून माळ्यावर ठेवलं.

आई पुढे अठरा वर्षं होती. दादा रजेवर यायचा, राहायचा, छप्पर शाकारून द्यायचा, तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचा. ती त्याचे आभार मानायची. शेवटी ती सिव्हिलमध्ये होती तेव्हा तो बोट सोडून आला. अकरा दिवस त्यानं तिला चमच्यानं पेज भरवली, आम्हाला कुणाला हात लावू दिला नाही. एकदा मी उशाशी बसले होते तेव्हा आई मला म्हणाली, "हा किती मायेनं करतो गो. याची आई नशिबाची." तो चमचा धुवायला बाहेर गेला होता, असं मी धरून चालले होते. तो दारात होता.

हे सगळं मी कागदावर उतरवायला घेतलं ते दादामुळेच. आता तो सत्तरीच्या पुढे गेला आहे. त्याची बायको, माझी वहिनी, वारल्यापासून दुपारी माझ्याकडे जेवायला येतो. माझ्या घरात भिंतीवर घड्याळच नाही. मोबाइलवर बघतो आपण, सगळ्यांच्या मोबाइलमध्ये एकच वेळ असते, आणि मला अजूनही ते बरं वाटत नाही. मागच्या आठवड्यात जेवता जेवता दादानं एकदम विचारलं, "सुले, त्या दिवशी तू काय ऐकलंस ते एकदा धड सांग." इतक्या वर्षांत त्यानं पहिल्यांदा विचारलं. मी सगळं सांगितलं. रहाट, पाय, सोलकढी. तो घास घेत ऐकत होता. आई हसली, इथं आले तेव्हा मात्र त्यानं हात थांबवला.

"कशाला हसली?"

"माहीत नाही रे. मी दार उघडलं नाही."

"उघडायला पायजे होतंस," तो म्हणाला. रागानं नाही. "तुला सांगता आलं असतं तिला, की तो मी नव्हतो."

मी या माणसाची आई त्याच्यापासून तोडली, हे मला ठाऊक आहे. तरीही, किंवा त्यामुळेच असेल, जे इतकी वर्षं मनात होतं ते तोंडून निघून गेलं. मी विचारलं, "आणि तूच असतास तर?"

दादानं खिडकीबाहेर बघितलं. भात हातावर वाळत होता.

"मीच असतो," तो म्हणाला, "तर परत बोटीवर कशाला गेलो असतो गो?"